शहापुरातला वाडा: वय कसं ठरवायचं, आणि पश्चिमेची भिंत वाचेल का?

माडीवरची:

नमस्कार मंडळी. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात खडेबाजारच्या मागल्या बोळात आमच्या सासरचा वाडा आहे. तोंडाला फार तर अठरा फूट, पण आत शिरलं की थेट मागच्या बोळापर्यंत पोचतो. रस्त्याला लागून फळ्यांचं दुकान, आता बंद असलेलं, शेजारी कट्टा आणि दिंडीचा दरवाजा. मग देवडी (दारातून आत आल्यावरची खोली), मग उघडा चौक, चौकाच्या दोन्ही अंगांना पाचखणी सोपा, म्हणजे खांबांची उघडी पडवी; दोन खांबांमधलं अंतर तो खण. पुढे माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परडं. तिथं आड आणि न्हाणी. दुकानाच्या वर माडी, तिला लाकडी कठडा.

घरात चार वाटण्या आहेत. दोन दीर पुण्याला, एक गोव्यात. वाड्यात आता आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. यंदा आषाढात पश्चिमेच्या भिंतीला पोट सुटलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून पडला. ते ऐकल्यावर पुण्याहून फोन सुरू झाले. खाली पार्किंग आणि वर चार मजले असा एक नकाशासुद्धा घरात येऊन पडलाय. दिवाळीत सगळे जमणार, तेव्हा ठरवायचं म्हणतात.

वाड्याच्या वयाबद्दल घरात तीन मतं आहेत. मामंजी सांगायचे तीनशे वर्षं. माझा मुलगा माळ्यावर चढून मंगलोरी कौल उलटं करून आला, त्यावर बासेल मिशनचं नाव आणि १८६५ असं उठवलेलं आहे. आणि दारावर गणेशपट्टीच्या खाली कोरलंय ‘शके १८०’, पुढचा आकडा तेलरंगाच्या पुटांखाली गेलाय. १ असेल, ७ असेल, ९ सुद्धा असेल. त्यापुढचं ‘प्रमाथी नाम संवत्सरे’ मात्र बोट फिरवलं तरी लागतं.

हा वाडा पाडू नये असं माझं मत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून उन्हाळ्यात दुपारी त्या माजघरात पंखा लावावा लागलेला नाही. पण ‘मला वाटतं’ एवढ्यावर घरातले ऐकणार नाहीत आणि त्यांनी का ऐकावं? वाडा खरा किती जुना, त्यात मोलाचं काय आहे आणि ती भिंत सावरता येईल का, हे मला नीट समजून घ्यायचंय.

कागदवाला टिळकवाडी:

ताई, शकाचा गुंता लगेच सुटतो. संवत्सरं साठ, त्यामुळे एकच नाव साठ वर्षांनी फिरून येतं. प्रमाथी तेरावं. ते पडतं शके १७४१, १८०१ आणि १८६१ ला. तुमचे पहिले तीन आकडे १८० असतील तर चौथा १ शिवाय दुसरा असूच शकत नाही. शके १८०१ म्हणजे १८७९ च्या पाडव्यापासून १८८० च्या पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

हे वर्ष लक्षात घेण्यासारखं आहे. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. अशा वेळी सागवानी दार बसवायची ऐपत असलेलं घर म्हणजे हाताशी रोकड असलेलं घर. शहापूर तेव्हा विणकरांची आणि सराफांची पेठ होती, ते जुळतं.

आता कागदांचं. शहापूर म्हणजे बेळगाव नव्हे, हे आपल्या नव्या पिढीला ठाऊक नसतं. बेळगाव १८१८ ला इंग्रजांकडे गेलं, शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडे राहिलं ते थेट मार्च १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत. त्यामुळे तुमचं जुनं खरेदीखत किंवा गहाणखत सांगली संस्थानच्या स्टँपाच्या कागदावर असण्याचा संभव मोठा, आणि अक्षर मोडी. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्यानंतरचे उतारे हळूहळू कानडीत झाले. म्हणून एकाच घराचे कागद दोन भाषांत आणि तीन राज्यांच्या शिक्क्यांखाली असतात. घाबरू नका, सगळे एकत्र लावून ठेवा.

गहाणखत मिळालं तर सोनं समजा. सावकार पैसे देताना घराचं वर्णन तपशिलात लिहून घ्यायचा: चतुःसीमा, किती खण, माडी आहे की नाही, आड कुणाशी सामाईक. माडीचा उल्लेख एका कागदात नाही आणि पुढच्या कागदात आहे, असं दिसलं की माडी कधी चढली ते हातात आलं. तारीख सुहूर या जुन्या सनात असेल तर इसवी सनासाठी ५९९ किंवा ६०० मिळवा, फसली असेल तर ५९० किंवा ५९१. दोन्ही सनं मृगाला बदलतात, म्हणून हा एका वर्षाचा फरक.

मिस्त्रीकाका वडगाव:

ताई, कागदवाल्यांनी दाराचं वय अगदी बरोबर काढलं. खरं ते दाराचं. वाड्याचं वेगळं.

मी सुताराच्या घरातला. वडील बेळगाव-शहापुरात वाड्यांचीच कामं करायचे, पुढे मीही जन्मभर तेच केलं. एकाच वर्षी पायापासून कौलापर्यंत बांधून झालेला वाडा आपल्याकडे फार थोडा. पैसा आला की एक अंग वाढवायचं, वाटणी झाली की एक भिंत घालायची, लेकाचं लग्न निघालं की माडी चढवायची. तेव्हा ‘वाडा किती वर्षांचा’ असं विचारलं तर कुणालाच उत्तर देता येत नाही. प्रत्येक अंगाला वेगळं विचारावं लागतं.

कौलावरचं १८६५ हे साल कारखान्याचं. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात त्या साली कौलांचा कारखाना काढला आणि साचात ते कोरलं. पुढं कितीतरी वर्षं निघालेल्या कौलांवर तेच साल. एक कौल दोन किलोच्या वरचं, ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, दीडशेच्या आसपास लागतात, म्हणजे साध्या छपराला गाड्याच्या गाड्या. आपल्याकडे रेल्वे आली १८८० च्या दशकाच्या शेवटाला. त्यानंतरच हे कौल सर्रास दिसायला लागलं. त्याआधी सगळीकडे खापरी कौलं, दर वर्षी मृगाच्या आधी शाकारायची.

ताडून बघायचं असेल तर मुलाला परत माळ्यावर पाठवा. वासे गोल, नुसते सोलून तासलेले, आणि त्यावरच्या रिपा मात्र चौकोनी, एका मापाच्या, यंत्रावर कापलेल्या, असं दिसलं तर छप्पर जुनं आणि कौल नंतरचं. वाशांवर जुन्या बांधणीचे वळ सापडतील. खापरी कौलाखाली कामट्या दोरीनं आवळायचे, त्या दोरीच्या जागी लाकूड दबून चकाकी येते. नव्या रिपेला खिळा.

आता खांबांकडे या. सोप्याच्या खांबावर हात फिरवा, आणि बॅटरी आडवी धरून उजेड बाजूनं पाडा. समोरून उजेड टाकला तर काही कळणार नाही. बारीक खवल्यांसारखे खळगे दिसले तर वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या हत्यारानं, तासलंय. तिरक्या, कमीजास्त अंतराच्या रेघा असल्या तर दोन माणसांनी, एक वर एक खाली, उभ्या करवतीनं चिरलंय. एकसारख्या कमानीच्या रेघा म्हणजे यंत्राची गोल करवत. मग खांब जिथं वरच्या हस्ताला, म्हणजे आडव्या लाकडाला, मिळतो तिथं बघा. खांबाचं खाचेत बसवलेलं टोक, म्हणजे कुसू, आरपार गेलंय का, त्यात लाकडी मेख मारलीय का, की लोखंडी पट्टी आणि बोल्ट आहे? खिळा निघाला तर त्याची मान चौकोनी आहे की गोल, तेही बघा. चौकोनी म्हणजे लोहारानं हातानं घडलेला.

माडीच्या खाली दुकानात लोखंडी तुळई असेल तर तिच्या पोटावर नाव उठवलेलं असतं. रंग खरवडून वाचा. लाकडाचं काय ते मी फोटोवरून सांगतो. देवघराचं दार फणसाचं असणार, पैज लावतो.

आणि दारामागे भिंतीत अडसराचं भोक आहे का? त्यात हात घालून किती खोल जातंय ते सांगा.

माडीवरची:

काका, कागदवाले दादा, दोघांचे खूप आभार. रविवारी आम्ही मायलेक हेच करत बसलो. सासूबाई खुर्ची घेऊन चौकात बसल्या होत्या आणि कुठं काय होतं ते सांगत होत्या.

सोप्याच्या खांबांवर खवले आहेत. बॅटरी आडवी धरली आणि अख्खा खांब माशासारखा दिसायला लागला. इतकी वर्षं त्याला टेकून बसलोय, कधी दिसलं नव्हतं. हस्ताशी लाकडी मेखा आहेत, लोखंड कुठंच नाही. देवडीतले दोन खांब मात्र वेगळे, रंधा मारून गुळगुळीत केलेले, वर कमळ कोरलेलं. सोप्याच्या तळखड्यांवर, म्हणजे खांबाखालच्या दगडांवर, काहीच नक्षी नाही, देवडीच्या तळखड्यांना घट काढलेत. दाराचा अडसर अजून भिंतीत आहे! ओढून बाहेर काढला, सव्वा हात भिंतीत आणि उरलेला दारामागं. भोकाच्या तोंडाला घासून घासून दगड वाटीसारखा झालाय.

माळ्यावर वासे गोल आहेत आणि वळ पण दिसले. रिपा चौकोनी.

दुकानातली तुळई लोखंडी आहे. मुलानं पॉलिश पेपरनं घासून वाचलं, ‘टाटा’. माडीवरची फरशी सिमेंटची, पिवळ्या-काळ्या नक्षीची. सासूबाई म्हणतात, त्यांच्या सासूबाई नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा माडी ‘नवी माडी’च म्हणवली जायची.

देवघराचं दार फणसाचं आहे की नाही मला ओळखता येत नाही, फोटो टाकलाय. पिवळसर आहे.

मिस्त्रीकाका वडगाव:

फणसच!

आता तुमच्या वाड्याचं ऐका. टाटांनी जमशेदपूरला पोलाद काढलं १९१२ साली. म्हणजे दुकान आणि माडी त्यानंतरची. नक्षीची सिमेंट फरशी मुंबईत १९२२ पासून बनायला लागली. त्याआधी अशी फरशी बाहेरून यायची, पेठेतल्या माडीला एवढा खर्च कुणी सहसा करत नसे. तेव्हा माडी विसाव्या शतकातली, आणि सासूबाईंच्या सासूबाईंची आठवण त्याच्याशी जुळते. देवडी आणि दार शके १८०१ चं, त्यात शंका नाही. रंधा, कमळ, घट सगळं एका हातचं. आणि चौक व सोपा त्याच्याही आधीचा. किती आधीचा ते मी नुसतं बघून ठोकून देणार नाही. मामंजींचं तीनशे मी खोडतही नाही, मान्यही करत नाही. खरं घरातला सगळ्यात मोलाचा भाग तोच, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दाराचं कोरीवकाम सगळे बघतात, विकत घ्यायलासुद्धा माणसं येतात. सोप्याच्या साध्या खांबाकडे कुणी बघत नाही. त्या तुळया आज पैसे टाकून मिळणार नाहीत. खानापूर-हल्याळच्या रानातलं तसल्या घेराचं लाकूड आता राहिलेलं नाही.

नवा इंजिनिअर:

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी बांधकामातच काम करतो. ताई, वाडा सुंदर आहे, पण त्यात माणसं राहायची आहेत. सासूबाईंना रात्री परड्यातल्या न्हाणीपर्यंत जावं लागतं का? वायरिंग लाकडावरून उघडी गेलीय का? चार वाटणीदारांपैकी तिघांना त्यातून काहीच मिळत नसेल तर दुरुस्तीचा खर्च एकटं कोण करणार? या प्रश्नांची उत्तरं दिवाळीच्या आधी तयार ठेवा, नाहीतर वाड्याचं वय सांगून काही उपयोग होणार नाही.

भिंतीबद्दल: पोट सुटलेली भिंत धोक्याची. बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा, आतून जाळी आणि वर आरसीसीचा पट्टा टाकला तर धरेल असं मला वाटतं.

मिस्त्रीकाका वडगाव:

बाळ, तुझे पहिले प्रश्न शंभर टक्के बरोबर. संडास-न्हाणी आत आणा ताई, मी कधीच नको म्हणत नाही. परड्याच्या बाजूला स्वयंपाकघराला लागून जागा असतेच, जुन्या भिंतीत पाईप न चिणता बाहेरून न्या. वायरिंग सगळी काढून नव्यानं पाईपातून करा, लाकडी घराला तीच पहिली दुरुस्ती. दुकान बंद आहे म्हणालात, ते भाड्यानं द्या आणि तेवढा पैसा वाड्यासाठी वेगळा ठेवा. बाकीच्या तिघांनाही त्यात हिशेब दाखवता येईल.

भिंतीवर मात्र सिमेंट नको. हात जोडून सांगतो.

ती भिंत काय आहे ते आधी बघ. खाली कमरेपर्यंत तांबडा जांभा दगड असणार, वर कच्चे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटा, सगळं मातीत रचलेलं, वरून चुन्याचा गिलावा. ही भिंत पाणी पिते आणि सोडते. आपल्याकडे वर्षाला सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पश्चिमेकडून झोडपणारा. चुना असेपर्यंत पावसाळ्यात प्यालेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर पडायचं. सिमेंट लावलं की तोंड बंद. पाणी तळातून आणि वरच्या भेगांतून शिरतच राहतं, बाहेर पडायला वाट नाही. आत भेंड्यांचा चिखल होतो आणि भिंत पुढं येते. ताई, खरं सांगा, त्या भिंतीला मागच्या काही वर्षांत कुणी सिमेंट लावलंय की नाही? पापुद्रा पडला म्हणालात तिथंच मला शंका आली. चुना असा पापुद्र्यानं पडत नाही, भुकटी होऊन झडतो.

दुसरं, जोत्याच्या पायऱ्या किती दिसतात? जुन्या बोळांत रस्त्यावर थर चढवत चढवत वाड्यांची जोती गाडली गेलीत. रस्त्याचं पाणी जोत्याच्या वर आलं की भिंतीच्या पायात जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वाड्याचं वजन भिंतीवर नसतं, खांब-तुळईवर असतं. बाहेरच्या भिंतीतसुद्धा बहुधा लाकडी खांब गाडलेले असतात, वरून दिसत नाहीत. सोप्याच्या खांबांची ओळ धरून भिंतीपर्यंत जा, तेवढ्याच खणावर हातोडीनं ठोका, आवाज बदलेल. ते खांब शाबूत असतील तर भिंत पूर्ण उतरवून नव्यानं रचता येते, छप्पर जागचं हलत नाही. खांबाचा पाय कुजला असेल तर तुळईला टेकू देऊन, जॅकनं हलकंसं उचलून, कुजलेला भाग कापायचा आणि खाली नवा तुकडा जोडायचा किंवा तळखडा उंच घ्यायचा. हे काम मी केलंय, माझ्या वडलांनी केलंय. यात जादू काही नाही, घाई तेवढी नको. त्याच भिंतीवर आरसीसीचा पट्टा ठेवलास तर वजन वर आणि चिखल खाली, मग ती पडेल तेव्हा छपरासकट पडेल.

माडीवरची:

सिमेंट लावलंय, होय. साधारण बारा-तेरा वर्षांपूर्वी, बाहेरून पूर्ण. आणि पायऱ्या तीन होत्या असं सासूबाई म्हणतात, आता एकच दिसते.

ठोकून बघितलं. स्वयंपाकघराच्या बाजूला दोन ठिकाणी आवाज वेगळा येतो, अगदी खणाच्या मापावर. एकीकडे गिलावा खरवडला तर आत लाकूड लागलं. वरून टणक आहे, खाली बोट जातं.

मिस्त्रीकाका वडगाव:

म्हणजे वरचं शाबूत, पाय गेलाय. हे दुरुस्त होतं.

आता एवढंच करा. त्या दोन्ही खांबांच्या शेजारी आतल्या बाजूनं तुळईखाली टेकू आजच द्या, खाली रुंद फळी घालून, म्हणजे जमिनीत रुतणार नाही. त्या कोपऱ्यात कुणी झोपू नका, चूल दुसरीकडं न्या. भिंतीवर वरून पडणारं पाणी बघा, पन्हळ फुटलीय का. बाहेरून पन्हाळी पत्रे लाकडी चौकटीवर उभे टांगा, भिंतीला चिकटवू नका, मध्ये वारा खेळू द्या. सिमेंटचा गिलावा पाऊस थांबल्याशिवाय काढायचा नाही, आत्ता काढलात तर ओली भिंत अंगावर येईल.

खरं काम दिवाळी झाल्यावर सुरू करायचं आणि शिमग्याच्या आत उरकायचं. चुना आधी महिनाभर भिजत घाला. एक भाग चुना, तीन भाग वाळू, खालच्या ओल येणाऱ्या भागात थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. माझे वडील हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालायचे, मी पण घालतो. गिलावा झाल्यावर ओली पोती लावून ठेवायची, उन्हात वाळू द्यायचा नाही.

खानापूरकर:

फुटलेली कौलं बदलायची असतील तर नवी आणू नका. जुनी घरं उतरवताना निघालेली मंगलोरी कौलं इकडं अजून मिळतात. मात्र माप लावूनच घ्या, वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. एक कौल नमुन्याला घेऊन या.

कागदवाला टिळकवाडी:

ताई, घरच्यांना दाखवण्यासाठी एक सुचवतो. दिवाळीत दीर आले की सगळ्यांना घेऊन रिसालदार गल्लीत जा. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा भाटे वकिलांच्या ज्या घरात उतरले होते, ते घर रामकृष्ण मिशननं स्मारक म्हणून राखलंय. आपल्याच शहरातलं, आपल्याच पावसातलं घर. नीट राखलं तर कसं उभं राहतं ते डोळ्यांनी बघितलेलं बरं.

माडीवरची:

टेकू लावले, काका. गल्लीतल्या सुतारानं तुमचं लिहिलेलं मोबाईलवर वाचूनच लावले. पन्हळ फुटलेलीच होती, ती बदलायला दिलीय. वाड्याचा खणाखणाचा नकाशा मुलगा काढतोय, कुठला भाग कधीचा ते रंगानं दाखवणार आहे. तो मी दिवाळीत त्या चार मजल्यांच्या नकाशाशेजारी ठेवीन.

माजघरातल्या पेटीत कापडात बांधलेले कागद सापडले. दोन स्टँपाचे आहेत, अक्षर मोडी. शहापूर-वडगावात मोडी वाचणारं कुणी असेल तर कृपया सांगा. कागद घराबाहेर पाठवायचे नाहीत असं सासूबाईंनी सांगितलंय, तेव्हा येऊन वाचावं लागेल. जेवायला थांबावं लागेल तेही त्यांनीच सांगितलंय.